पायाळूची पाठ

पालीची शेपूट तुटून पडते आणि हलत राहते. तिच्यामागे कोणी नसतं, तरी.

‘नंबर प्लीज.’

विजा चमकत असताना पायाळू माणसाने उंबरठ्यात उभं राहू नये. पाटावर बसावं. पाय पोटाशी घ्यावेत.

‘डावा म्हणजे? तुमचा डावा, की माझा?’

‘बाये, धरूं खंय?’

अंगठ्याचं नख.

चप्पल मागे राहिली.

यातलं आधी घडलं ते चप्पलेचं. फोर्टमधल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर जानकी बसायची आणि संध्याकाळी सुटली की बसच्या थांब्याकडे चालत जायची. ऑक्टोबर होता. फुटपाथवर शेंगदाणे विकणारी बाई साध्या आवाजात म्हणाली, ‘अहो बाई, चप्पल राहिली तुमची.’ जानकीने आधी दुसऱ्याच कुणाकडे पाहिलं. मग खाली. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी डांबरावर होता आणि डांबर तापलेलं असणार, कारण शेजारून जाणारा एक हमाल बोटांवर चालत होता. मागे विजेच्या खांबापाशी तिची डावी चप्पल पडली होती, अंगठा वर करून, जणू तिथेच उतरायचं होतं तिला. जानकी परत गेली. चप्पल घालताना तिला पायाकडे बघावं लागलं. बघितल्याशिवाय पाय आत गेला की नाही ते कळत नव्हतं. ‘एवढ्या कसल्या विचारात?’ शेंगदाणेवाली हसली. जानकीही हसली. ती कसल्याच विचारात नव्हती. बसमध्ये बसल्यावर तिने दुसऱ्या पायाने डावा पाय चेपून पाहिला, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पायावर पाय दिल्यासारखं वाटून तिने घाईने मागे घेतला. सॉरी म्हणायचं तेवढं राहिलं.

वर्षभर कंबर दुखत होती. बोर्डाच्या खुर्चीला पाठ नव्हती, वरच्या ओळीतल्या भोकात लाईन जोडायची दोरी खुपसायची तर अर्धं उठून पुढे झुकावं लागायचं, आणि तशी झुकली की कमरेतून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढायचं. सगळ्याच मुलींच्या कमरा दुखत. मग एका आठवड्यात ती तार निवली. जानकीला बरं वाटलं होतं. दुखणं गेलं, असं तिने भावाला, दाजीला, सांगितलंही होतं, आणि दाजी म्हणाला होता, बघ, मी म्हणत होतो, डाक्तर कशाला. आता बसमध्ये तिला कळलं, किंवा कळल्यासारखं झालं, की रोज आपण लोकांना जे सांगतो तेच हे. दुखणं थांबलेलं नाही. लाईन कट झाली आहे. पलीकडे कोणी बोलत असेल, ओरडत असेल, इथे दिवा लागत नाही.

आणि पाय डावा. उजवा असता तर तिला एवढी भीती वाटली नसती, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं आणि त्याची लाजही वाटली. कोकणात, तिच्या गावी, मिठबावात जानकी पायाळू होती. ती जन्मली ती पायांकडून, आधी डावा पाय, मग बाकीची जानकी. आणि असं मूल ज्याच्या पाठीला पाय लावेल त्याची उसण जाते, याबद्दल गावात कधी कुणी चर्चा केली नव्हती. भरतीबद्दल कोण चर्चा करतो? माणसं उजाडता उजाडता यायची, निरशा पोटी, तोंड न धुता, आणि खळ्यात शेणाने सारवलेल्या जमिनीवर पालथी पडायची. आई तिला झोपेतून उचलून आणायची, काखेत धरून उभी करायची. तीन वेळा पाय लावायचा. बोलायचं नाही. जाताना माणूस पायरीवर नारळ ठेवून जायचा, आणि मागे वळून बघायचा नाही. तिचे डोळे झोपेने मिटलेले असत, त्यामुळे त्या पाठी जानकीच्या तळव्यात राहिल्या होत्या, डोळ्यांत नाही. समुद्रातून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या पाठी खारट असत. म्हणजे चव नव्हे, पण तळव्याला खारट लागत. शेतकऱ्यांच्या कोरड्या, मातीच्या ढेकळासारख्या. धोंडू म्हणून शेजारचा एक होता, तेव्हा विशीतला. त्याच्या पाठीच्या मधोमध खोल पन्हळ होती आणि दोन्ही बाजूंना ओले दोरखंड. पुढे पदर आल्यावरही हे चालूच राहिलं, फक्त आई म्हणायची, वर बघ. अठराव्या वर्षी ती मुंबईला आली, दाजीकडे. आता एकोणतिसावं चालू होतं. पुरुष तिला माहीत होते ते एवढेच. पालथे.

डॉक्टरांच्या खोलीत खिडकीपाशी एक पाठीचा कणा टांगलेला होता, खरा, पिवळा पडलेला. वाऱ्याने तो थोडा फिरे आणि मग जानकीकडे तोंड करून थांबे, तोंड नसलं तरी. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी टाचणीने तिच्या पायावर जागोजाग टोचलं आणि विचारलं, कळतं? कळतं. इथे? कळतं. इथे? ते टोचत होते का? अंगठा वर करा, म्हणाले. जानकीने अंगठा वर केला. म्हणजे तिने केला. अंगठा होता तिथेच होता. पुन्हा करा. जोडतेय, असं ती बोर्डावर म्हणायची तसं मनात म्हणाली, आणि दोरी खुपसली, आणि वाट पाहिली. उत्तर नाही. मग डॉक्टर उठून त्या टांगलेल्या कण्यापाशी गेले आणि खालच्या दोन मणक्यांच्या मध्ये त्यांनी बोट घातलं. दोन मणक्यांत एक गादी असते, म्हणाले, बसायच्या गादीसारखी नव्हे, कच्च्या नारळातल्या खोबऱ्यासारखी, बाहेरून चिवट, आत मऊ. तुमची फुटून मागच्या बाजूला आली आहे. तिथून पायाकडे जाणारी शीर बाहेर पडते, ती दाबली गेली आहे. मागचं थोडं हाड कोरायचं, शीर हलकेच बाजूला धरायची, तो तुकडा काढून टाकायचा. ‘मग पाय येईल?’ दाजीने विचारलं. पाय कुठे गेला होता, असं जानकीला वाटलं. डॉक्टर म्हणाले, ‘आम्ही शीर मोकळी करतो. पाय आणायचं काम शिरेचं. ती किती दिवस दाबलेली होती त्यावर आहे. शिरा हळूहळू भरून येतात, नखं वाढतात तशा. कधी येतात, कधी नाही येत.’ मग त्यांनी कागदावर काही लिहायला घेतलं आणि वर न बघता म्हटलं, डावा ना? हो, डावा, दाजी म्हणाला. आणि जानकी एकदम म्हणाली, ‘डावा म्हणजे? तुमचा डावा, की माझा?’ दाजीने तिच्याकडे पाहिलं. पण तिने विचार केलेला होता. टेबलावर ती पालथी असणार. माणूस पालथा पडला की त्याचा डावा कुठे जातो हे तिला लहानपणापासून नीट माहीत होतं. ती कायम वर उभी असायची.

आई बोटीने मुंबईला आली ती वाकळ काखोटीला मारूनच. पाठ कापायची हे तिला मान्य नव्हतं. वॉर्डात जानकीच्या उशाशी बसून तिने दाजीला विचारलं, ‘एवड्या मोट्या मुंबयत एक पायाळू मेळना नाय?’

‘मेळतत गो आये,’ दाजी म्हणाला, ‘पण हयचे लोक बूट काढणत नाय.’

‘हस मेल्या. चेडवाची पाठ कापतत, नारळ सोलणत नाय.’

जानकी हसली नाही, कारण पायाळूचं आई बरोबर तेच बोलली होती जे ती रात्रंदिवस बाजूला सारत होती. मिठबावात दुसरं पायाळू नव्हतं. एवढ्या पाठींना तिने पाय लावला आणि तिच्या पाठीला लावायचा तर तो पाय तिचाच होता, आणि कोणाचाही पाय स्वतःच्या पाठीला लागत नाही. लहानपणी एकदा तिने प्रयत्न केला होता, न्हाणीघरात, आणि पडली होती.

ऑपरेशनचं तिच्याजवळ काहीच नाही. तोंडावरची जाळी, गोडसर वास, आकडे मोज म्हणाले म्हणून बोर्डावरचे नंबर म्हणायला लागली, आणि मध्येच एक नंबर तोंडातच राहिला. जागी झाली तेव्हा पाठीवर विटेएवढं काहीतरी ठेवलेलं होतं असं वाटलं. ती जखम होती. वळायचं तर ओंडक्यासारखं, सिस्टरने सांगितलं, खांदे आणि कंबर एकदम, मध्ये पीळ नको. खाली वाकायचं नाही. उचलायचं नाही. उठताना आधी कुशीवर. कमरेला कॅनव्हासचा पट्टा, आत लोखंडी पट्ट्या. पाऊल लोंबतं राहिलं तर तसंच आखडेल, म्हणून त्याला फळीचा टेकू. ती सगळं ऐके आणि विचारी, अंगठा? डॉक्टर सकाळी येत, अंगठा वर करा म्हणत. ती करी. ते मान हलवत, आणि ती मान ‘हो’ची की ‘नाही’ची हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तार मात्र पुन्हा तापली नव्हती. ऑपरेशन चांगलं झालं, सगळे म्हणत. सुटी मिळाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी जा, समुद्राची हवा घ्या. वाट बघा.

वाट कुठे बघायची असते? बोटीच्या कठड्याला टेकून माणसं किनारा येण्याची वाट बघतात. ती डेकवर फळीवर उताणी पडून होती आणि तिला फक्त आकाश आणि धुराचा काळा लोट दिसत होता. देवगडला बोट खोल पाण्यात थांबली. तिथून पडाव, माणसं उतरवायची होडी, आणि पडाव किनाऱ्याला टेकत नाही म्हणून पुढे कमरेएवढ्या पाण्यातून खलाशांच्या खांद्यावरून. इतरांना ते पोत्यासारखे उचलून नेत होते. हिच्यापाशी एक आडदांड खलाशी येऊन उभा राहिला, भिजलेला, दोन्ही हात पसरून.

‘बाये, धरूं खंय?’

‘पाठीक हात लावू नको,’ आई म्हणाली.

‘पाठीक हात नाय लावूचो तर उचलू कसो? नजरेन?’

‘एक हात खांद्याखाली, एक मांड्यांखाली,’ दाजी म्हणाला. ‘मधी वाकाक देव नको. फळी उचलतंस तशी.’

‘फळी वरडत नाय,’ खलाशी म्हणाला, आणि उचललं.

आईने तिला मानेपासून पावलांपर्यंत वाकळीत गुंडाळलं होतं. जानकीने डोळे मिटले. खालून लाट आली, खलाशी एका पायावर तोलला, आणि कमरेत, अगदी तिथे, काहीतरी सरकलं असं तिला वाटलं. आत्ता टाके गेले, आत्ता हाड. तिचं तोंड पांढरं पडलं असावं, कारण आई पाण्यात शिरून नुसतं ‘चेडवा, चेडवा’ म्हणत होती. मग वाळू. मग खुर्चीला बांबू बांधून चार माणसांनी कुणकेश्वरावरून मिठबावपर्यंत. देवळाच्या कळसाला आईने खुर्चीमागून चालता चालताच हात जोडले आणि काय बोलली ते ऐकू आलं नाही.

घरी आल्यापासून जानकी पायाकडे बघते. दाजी मुंबईला परत गेला. ती पडवीत फळीवर उताणी असते, पावलाला लाकडी पाटाचा टेकू, तोच पाट, विजा चमकायला लागल्या की आई ज्याच्यावर बसवायची तो. पायावर पांघरूण घालू देत नाही. थंडी वाजली तरी नाही. डास चावतात, तिला दिसतं चावताना, आणि खाजत नाही. कधी हलेल ते सांगता येत नाही, आणि हललेलं कळणार नाही, म्हणून बघायलाच हवं. झोप लागली की ती दचकून उठते, पहिल्यांदा अंगठा, मग छप्पर, मग आपण कुठे आहोत ते. नख वाढतंय. डावं नख उजव्यापेक्षा हळू वाढतंय का? आईने विळीशेजारची कातर आणली तर तिने आईचा हात धरला. ‘रवांदे. कापू नको.’ ‘नखांनी काय होता गो?’ काही होत नाही. डॉक्टर म्हणाले होते, नखं वाढतात तशा. एवढंच एक तिच्याजवळ दिसण्यासारखं आहे. मोठी मेहनत करून ती रोज मनाने त्या अंगठ्यापर्यंत जाते, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, जोडतेय, जोडतेय, आणि घोट्यापाशी रस्ता संपतो, जसा भरतीच्या वेळी खाडीपाशी संपतो. पलीकडे पाय दिसतो. तिचाच. त्याला हाक ऐकू जात नाही. एखाद्या वेळी वाटतं, हलला. तर माशी बसलेली असते.

बायका येतात आणि विचारतात, ‘गुण इलो काय गो?’ बरं वाटलं का, एवढंच त्याचं. पण याच गावात गुण तिच्या पायाला होता, आणि त्याच शब्दाने. मग त्या नेमकं काय विचारतात? आला की नाही, की गेला? पाठ चिरली तेव्हा काय काय बाहेर काढलं असेल? डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवलं होतं, पांढरट, चोथ्यासारखं, दातात अडकलेल्या खोबऱ्याएवढं. एवढ्याशा वस्तूत काय मावेल.

आणि मग एका सकाळी, झुंजुमुंजू असताना, धोंडू आला. आला म्हणजे त्याचा कमरेपासून वरचा भाग आधी आला, जमिनीला समांतर, आणि पाय मागून.

‘काकी, जानकी उठली काय?’

‘तू असो वाकडो कित्याक?’ आई बाहेर आली.

‘होडी वर ओढताना काय झाला देव जाणे. कालपासून शिजलेल्या सुंगटासारखो वाकडो आसंय. ताठ म्हणान होवक येना नाय.’

‘तिका अजून बरा नाय रे. पाय उचलना नाय तिचो.’

‘मी तिका नाचूक सांगतंय काय? पाय टेकलो म्हणजे झाला. मी तोंड पण धुवक नाय.’

जानकीने फळीवरूनच ऐकलं. ‘धोंडूदादा,’ ती म्हणाली, ‘ह्या पायाक कायच कळना नाय.’

‘तेका कळान काय करूचा? कळूक व्हया माझ्या पाठीक.’

आई कुणाकडे बघत नव्हती, यावरून जानकीला कळलं की आईला हे हवं आहे. तिला नाही म्हणता आलं असतं. पट्टा, डॉक्टर, टाके, काहीही म्हणता आलं असतं. ती कुशीवर वळली, ओंडक्यासारखी, आणि उठली. आईने पट्टा आवळला. पडवीचा खांब धरून ती उभी राहिली आणि धोंडू खाली खळ्याच्या कडेला, कण्हत, एकेक सांधा सोडत पालथा झाला. पाठ जाड झाली होती. पन्हळ भरत आली होती. तिने पहिल्यांदा ती पाठ डोळ्यांनी बघितली. तिच्यावर एक भला मोठा तीळ होता, जो तिच्या तळव्याला कधी सापडला नव्हता.

‘तू फकत उभी रव,’ आई म्हणाली. ‘पाय मी उचलतंय.’

आणि आई तिच्या पायाशी बसली आणि दोन्ही हातांनी तिने तो पाय उचलला, भरलेली घागर उचलावी तसा, खालून तळवा धरून. जानकीने खांब घट्ट धरला. उजव्या पायावर सगळं वजन आलं आणि जखमेच्या जागी काहीतरी ताणलं. हे मोडणार, तिला वाटलं, आता मोडणार. आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी, मोडण्यापेक्षा वाईट: धोंडूला गुण आला नाही तर पायात काहीच उरलं नाही असं होईल, गावभर होईल, आणि आला तर? आला तर या पायाला जिवंत असायची गरजच नव्हती. कधीच नव्हती. मग ती इतकी वर्षं कसली उभी होती पहाटे? मग तो हलला काय आणि न हलला काय. आईने पाय त्या पाठीवर ठेवला. एक. जानकी अंगठ्याकडे बघत होती. अंगठा तिळाच्या शेजारी पडला होता, एखादा शंख ठेवावा तसा. आईने उचलला, पुन्हा ठेवला. तळव्याला काही नाही, खारट नाही, ओलं नाही. पण गुडघा हलत होता. थोडासा वर, थोडासा खाली. तिला वाटलं, आई हलवते. आईचे हात आईच्याच मांडीवर होते. तो धोंडूचा श्वास होता. तो श्वास घेत होता आणि तिचा पाय त्याच्यावर, बांधून ठेवलेल्या होडीसारखा, वरखाली होत होता. तिसऱ्यांदा आईने पाय ठेवला आणि काढायला जरा वेळ लावला.

मग धोंडू हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर आला, थांबला, एक हात कमरेवर ठेवून उभा राहिला. ताठ नाही. पण आला होता त्यापेक्षा ताठ.

‘काय रे?’ आईने विचारलं. एवढा वेळ न बोलण्याचा नियम होता, तो तिनेच मोडला.

‘वायच थांब काकी. हलका वाटता.’ मग त्याने मान वळवली. ‘पण पाय थंड आसा गो जानके. पयलो गरम आसायचो.’

जानकी खांबाला टेकली.

‘गुण इलो,’ धोंडू म्हणाला, स्वतःशीच तपासून बघावं तसं. त्याने पायरीवर नारळ ठेवला. मागे वळून बघायचं नसतं, पण अंगणाच्या तोंडाशी, पेळेपाशी गेल्यावर तो वळला, अख्खाच वळला, मान वळत नव्हती म्हणून. ‘आता तुझी पाठ कोण बघतलो गो?’ थट्टाच होती ती. आई म्हणाली, ‘चल, जा. तोंड धू आधी.’

आईचा चेहरा उजळला होता. तिने तांब्यातून कोमट पाणी आणलं, जानकीला खुर्चीत बसवलं आणि तो पाय धुतला, देवाची मूर्ती धुतात तसा, बोटांच्या बेचक्यांतून. ‘बघलंस?’ ती म्हणाली. ‘खंय जाना नाय गुण.’ जानकीला दिसत होतं की पाणी कोमट आहे, वाफ येत होती. ‘आये,’ ती म्हणाली, ‘तो उठलो तो तसोच उठलो असतो. थोडो वेळ पालथो पडलो म्हणान.’ आई पुसत राहिली. मग म्हणाली, ‘असात. पण तो हय येवन पालथो पडलो.’

पुन्हा फळी. पाटाचा टेकू. ऊन पडवीच्या कडेशी आलं, मग पावलापाशी, मग पावलावर. पाय थंड आसा गो. तिने वाकता येत नाही म्हणून हात लावून पाहिला नाही. धोंडूच्या पाठीवरचा मातीचा एक ठिपका घोट्यामागे धुवायचा राहून गेला होता. कंबर ठणकत होती, पण ठणकणं परवडलं. जिथे ठणकतं तिथे कोणीतरी घरी असतं. ती अंगठ्याकडे बघत राहिली. नख उन्हात जरा गुलाबी दिसत होतं, पण उन्हात सगळंच दिसतं. आई वाकळ घेऊन आली आणि पायावर पसरायला लागली.

‘घालू नको.’

‘थंड आसा म्हणालो मा तो.’

‘घालू नको आये. माका दिसूक व्हया.’

आईने वाकळ घडी करून उशाशी ठेवली आणि ती आत पेज बघायला गेली. जानकीने कमरेपासून सुरुवात केली. मांडी. गुडघा. पोटरी. घोटा. जोडतेय.

देवगडच्या बंदरात खलाशाने तिला पडावातून उचललं तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि वाकळीच्या आत तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलला होता.